तळणीच्या तेलाचं डिझेल मुंबईत खरंच जमतं का? (करंज, उंडी, मोगली एरंड सगळ्यावर बोलूया)

लालबागकरीण
नमस्कार मंडळी. लालबागला आमचं फरसाण आणि वड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. रोज कढईतलं तेल बदलावं लागतं आणि जुनं तेल डब्यात साठतं. ते न्यायला दोन जण येतात. एक रीतसर पावती देतो, म्हणतो बायोडिझेलच्या कंपनीला जातं. दुसरा डब्यामागे जास्त पैसे देतो पण कुठे नेतो ते सांगत नाही, आणि मला तीच भीती वाटते की तेच तेल गाळून, थोडं गोरं करून परत कुठल्यातरी गाडीवर स्वस्तात विकलं जात असेल आणि कोणाच्या तरी पोराच्या पोटात जात असेल. म्हणून मी पहिल्यालाच देते.
आता माझा मुलगा केमिकलचा डिप्लोमा करतोय, तो म्हणतो आई आपणच गाळ्यात बायोडिझेल बनवू आणि आपल्या टेम्पोत घालू, व्हिडिओ बघितलेत त्याने. मला नीट समजून घ्यायचंय की हे डिझेल नक्की कशाकशापासून बनतं, कसं बनतं, आणि घरगुती करण्यासारखं आहे का. जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज, वेळ लागला तरी चालेल.

रसायनी
ताई, फार चांगला विषय काढलात. मी माटुंग्याला ऑइल्स डिपार्टमेंटला शिकले आणि नंतर बरीच वर्षं तळोज्याला काम केलं, त्यामुळे जमेल तेवढं सांगते. लांब होईल.
कुठलंही तेल किंवा तूप, शेंगदाण्याचं असो, पामचं असो नाहीतर करंजाचं, आतून सारखंच असतं. एक ग्लिसरीनचा छोटा तुकडा आणि त्याला लटकलेल्या फॅटी ॲसिडच्या तीन लांब साखळ्या. खुंटाळ्याला तीन शर्ट अडकवलेत असं समजा. बायोडिझेल करणं म्हणजे ते तीन शर्ट खुंटाळ्यावरून काढून प्रत्येकाला मिथेनॉलचा एक छोटा हँगर लावणं. खुंटाळं मोकळं झालं की ते ग्लिसरीन म्हणून खाली बसतं, वर राहतात ते मिथाईल एस्टर, तेच बायोडिझेल. याला ट्रान्सएस्टरिफिकेशन म्हणतात.
हिशोब साधारण असा: १०० किलो तेल आणि ११ किलोच्या आसपास मिथेनॉल, त्यातून १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन. पण मिथेनॉल एवढंच घातलं तर रिॲक्शन अर्धवट राहते म्हणून जवळजवळ दुप्पट घालतात आणि उरलेलं नंतर ऊर्ध्वपातन करून परत मिळवतात. कॅटॅलिस्ट म्हणून, म्हणजे रिॲक्शनला वेग द्यायला, कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश, तेलाच्या अर्ध्या ते एक टक्क्याच्या आसपास. तापमान ६० अंशांच्या जवळ ठेवायचं, कारण मिथेनॉल ६५ अंशांच्या आतच उकळतं. तासभर ढवळलं की काम होतं, मग रात्रभर निवळू द्यायचं. खाली काळपट चिकट ग्लिसरीन, वर मधाच्या रंगाचं बायोडिझेल. त्यानंतर कोमट पाण्याने धुवायचं, साबण आणि कॉस्टिक निघून जाईपर्यंत, आणि शेवटी सगळं पाणी उडवून कोरडं करायचं.
हे सगळं ताज्या तेलाचं झालं. तुमच्या कढईतल्या तेलाचं गणित वेगळं आहे, ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

तांडेल७
आमची बोट ससून डॉकला लागते. ताई एक प्रश्न, एवढा उपद्व्याप कशाला, गाळलेलं तेल डायरेक्ट इंजिनात घातलं तर चालत नाही का? आमच्यात जुने लोक सांगतात एका बोटीने गोडंतेल घालून बंदर गाठलेलं.

रसायनी
दादा, चालतं, पण टिकत नाही. १९०० साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, खुद्द रुडॉल्फ डिझेलने नंतर त्याबद्दल लिहिलंय. म्हणजे कल्पना इंजिनाएवढीच जुनी. पण तेल डिझेलपेक्षा दहा-एक पट दाट असतं. इंजेक्टरमधून बारीक फवारा उडायला हवा तिथे जाड थेंब पडतात, नीट जळत नाहीत, नोझलला कोळशाची कवची धरते, रिंगा चिकटतात, आणि अर्धवट जळलेलं तेल खाली ऑइलमध्ये उतरून त्याचा चिखल होतो. अडीअडचणीला बंदर गाठलं असेल, पण तोच प्रकार रोज केला तर हंगाम संपायच्या आत इंजिन खोलावं लागेल. एस्टर केलं की तो दाटपणा डिझेलच्या जवळ येतो, सगळा उपद्व्याप त्यासाठीच. बेल्जियममध्ये १९३७ साली पाम तेलाच्या एस्टरचं पेटंट घेतलं गेलं, ते यातलं पहिलं मानतात.
आता ताईंच्या कढईकडे येते. वडा तेलात सोडला की पिठातलं पाणी तेलात जातं आणि त्या उष्णतेत तेल फुटतं, म्हणजे काही शर्ट आधीच खुंटाळ्यावरून गळून पडतात. त्यांना मुक्त फॅटी ॲसिड म्हणतात, आमच्या भाषेत एफएफए. कॉस्टिक घातलं की हे मोकळे ॲसिड आधी त्याच्याशी भांडतात आणि साबण होतो. साबण झाला की बायोडिझेल आणि ग्लिसरीन वेगळं होतच नाही, सगळा एकच लगदा. एफएफए एक-दोन टक्क्यांच्या आत असेल तर थोडं जास्त कॉस्टिक घालून भागतं. त्यापुढे गेलं तर दोन टप्पे करावे लागतात, आधी गंधकाम्ल आणि मिथेनॉल घालून त्या मोकळ्या ॲसिडचे एस्टर करायचे, त्यात तयार झालेलं पाणी काढायचं, आणि मग नेहमीची कॉस्टिकची पायरी. म्हणून सगळा खेळ कच्च्या मालाचा आहे, रसायन त्यामानाने सोपं.

लालबागकरीण
वा, इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. मुलाला वाचायला दिलं. तो विचारतोय की एफएफए किती आहे ते घरी कसं मोजायचं, त्यासाठी लागणारं रंग बदलणारं रसायन, फिनॉल्फ्थॅलिन, त्याच्याकडे नाही.

रसायनी
हळद आहे ना घरात? चालेल. एक मिली तेल दहा मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, त्यात चिमूटभर हळदीचा अर्क, आणि एक लिटर पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिकचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. पिवळा रंग लाल होऊन टिकला की थांबायचं. चुन्याने हळदीचं कुंकू होतं तीच रिॲक्शन. जितके मिली द्रावण लागलं तितके ग्रॅम कॉस्टिक दर लिटर तेलाला जास्तीचे घालावे लागतात, ताज्या तेलाला लागणाऱ्या साडेतीन ते पाच ग्रॅमच्या वर. नुसतं तेल तपासायला ही टेस्ट त्याने जरूर करावी, शिकायला उत्तम आहे. पण पुढची पायरी गाळ्यात करू नये, त्यावर लिहिणारच आहे.

जव्हारकर
धागा वाचतोय. तेलबियांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे २००३-०४ नंतर मोगली एरंडाची लाट आली होती, जट्रोफा जट्रोफा म्हणून. दिल्लीत योजना आयोगाने बायोडिझेलचं राष्ट्रीय मिशन सुचवलं, एक कोटी हेक्टरच्या वर पडीक जमिनीवर लावायचं, पाणी लागत नाही, गुरं खात नाहीत, बीमधून तीस-पस्तीस टक्के तेल. २००२ च्या डिसेंबरात दिल्ली-अमृतसर शताब्दी पाच टक्के बायोडिझेलवर चालवून पण दाखवली होती रेल्वेने. लोकांनी बांधावर लावलं, काहींनी वरईची जमीन अडकवली.
झालं काय, पाणी लागत नाही म्हणजे झाड मरत नाही एवढंच, बी धरायला पाणी आणि खत दोन्ही लागतं. हे मुळात मेक्सिकोकडचं रानटी झाड, ज्वारी-भातासारखं पिढ्यान्पिढ्या निवडून सुधारलेलं नाही, एका झाडाला ढीगभर बी तर शेजारच्याला मूठभर. फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून तोडणीला पुन्हा पुन्हा जावं लागतं आणि मजुरी बियाच्या भावापेक्षा जास्त होते. पेंड विषारी म्हणून गुरांना घालता येत नाही. आणि पोरं बिया शेंगदाण्यासारख्या समजून खातात, चवीला बरी लागते, मग उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात. अशा बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतातच. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रण लिहिलं होतं, प्रत्यक्षात एक टक्का पण झालं नाही.
मला राग झाडाचा नाही, घाईचा आहे. आधी चार-पाच वर्षं नीट वाण तयार करून मग शेतकऱ्याला सांगायला हवं होतं.

करंजसखा
जव्हारकर, एकदम पटलं. पण मोगली एरंडाच्या नादात आपल्या करंजाकडे दुर्लक्ष झालं याचं मला जास्त वाईट वाटतं. करंज आपल्याच मातीतला, खाडीकाठी खाऱ्या जमिनीत पण येतो, शेंगवर्गीय म्हणून मुळांवर गाठी, नत्र जमिनीत सोडतो. बीमध्ये तीसेक टक्के तेल. मुंबईत रस्त्याकडेला किती करंज आहेत बघा, दादर-माटुंग्याच्या गल्ल्यांत, रेल्वे कॉलन्यांत. उन्हाळ्यात शेंगांचा सडा पडतो आणि सफाई कामगार कचऱ्यात भरून डंपिंगला पाठवतात. तेल कडू, खाण्याचं नाही, म्हणजे कोणाच्या ताटातलं काढून घ्यायचा प्रश्नच नाही. पेंड शेतात कीड कमी करायला वापरतात. सोसायट्यांनी शेंगा गोळा केल्या तर?

रसायनी
करंज चांगलाच आहे. तेलाचा एफएफए बऱ्याचदा जास्त असतो, विशेषतः शेंगा पावसात भिजल्या तर, म्हणून दोन टप्पेच धरून चालायचं. एस्टरचा दर्जा चांगला येतो. पण झाड लावल्यापासून भरपूर बी यायला बरीच वर्षं लागतात आणि शेंग फोडणं हे किचकट काम आहे, हाताने केलं तर दिवसभरात फार काही हाती लागत नाही. रस्त्यावरच्या शेंगांमधून सोसायटीला घाण्यावरून थोडं तेल मिळेल, दिव्याला, झाडांवर फवारायला कामी येईल. टेम्पो चालवण्याइतकं नाही मिळणार.

दापोली_उंडी
आमच्या किनाऱ्याला उंडी आहे की! समुद्राच्या अगदी कडेला, वाळूत वाढते. पूर्वी देवळातले आणि घरातले दिवे उंडीच्या तेलावर जळायचे, वीज येईपर्यंत. गोल कवच फोडून आतला गर वाळवायचा आणि घाण्याला द्यायचा, गरात निम्म्याहून जास्त तेल. लाकूड होडीला चांगलं. तेल हिरवट-काळं, दाट, वास उग्र. आता मुलं गोळाच करत नाहीत.

जव्हारकर
उंडी चालेल, करंज चालेल, पण एक विनंती, मोहाचं नाव घेऊ नका. टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल आमच्या पाड्यांवर जेवणात असतं, भाजीला, भाकरीला. त्याला बाजारात डिझेलचा भाव आला की पहिली ती बाई विकेल आणि स्वतः पाकिटातलं पामतेल विकत आणेल. कागदावर मोह अखाद्य तेलांच्या यादीत टाकलेला दिसतो, ज्याने यादी केली तो कधी पाड्यावर जेवायला बसला नसणार.

करंजसखा
+१. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हिशोबी
थोडे आकडे टाकतो म्हणजे चर्चा जमिनीवर येईल. देशात वर्षाला साधारण ९ कोटी टन डिझेल जळतं. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल असं उद्दिष्ट आहे. म्हणजे ४५ लाख टन. आपण सगळे मिळून वर्षाला खाद्यतेल खातो अडीच कोटी टनांच्या आसपास आणि त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. म्हणजे त्या ५ टक्क्यांसाठी देशाच्या सगळ्या खाद्यतेलाच्या जवळजवळ पाचव्या भागाएवढं तेल लागेल. ताजं तेल जाळणं आपल्याला परवडणारच नाही. अमेरिका सोयाबीनचं करते, युरोप मोहरीच्या जातीच्या रेपसीडचं, इंडोनेशिया पामचं, तिथे २०२० पासून ३० टक्के आणि २०२५ पासून ४० टक्के मिश्रण आहे, कारण त्यांच्याकडे ते तेल उतू जातंय. आपल्याकडे नाही. आणि इंडोनेशियाने स्वतःचं पाम गाड्यांत घातलं की आपल्या कढईतलं पाम महागतं, हे पण विसरू नका.
म्हणून वापरलेलं तेल हाच आपला खरा माल. त्यातलं पण सगळं मिळत नाही, घरातलं बरंचसं भाजीत-आमटीत संपतं. हाती लागतं ते हॉटेलं, फरसाणवाले, वेफर्सचे कारखाने, कँटीन यांचं. मुंबईसारख्या शहरात ते एकवटलेलं आहे, हा आपला फायदा.

नवी_मुंबई_अमोल
शेवाळाचं काय झालं? कॉलेजात असताना सगळे म्हणायचे एकरी शेंगदाण्यापेक्षा कितीतरी पट तेल, खाऱ्या पाण्यात वाढतं, आपल्याकडे खाडी आहे, ऊन आहे.

रसायनी
अमोल, शेवाळावर अमेरिकेने १९७८ ते १९९६ सरकारी खर्चाने मोठा कार्यक्रम चालवला. तेल असतं हे खरं. अडतं ते खर्चावर. पाण्यात ते इतकं पातळ पसरलेलं असतं की गोळा करायला, पाणी काढायला आणि वाळवायलाच सगळी ऊर्जा जाते. शिवाय उघड्या तळ्यात दुसरंच शेवाळ शिरतं, आणि जे तेल भरपूर साठवतं ते हळू वाढतं. माशांच्या खाद्याला, औषधाला करतात, तिथे भाव मिळतो. डिझेलच्या भावात अजून बसलेलं नाही.

कुर्ला_गॅरेज
मी मेकॅनिक आहे, कुर्ल्याला, टेम्पो-ट्रकचं काम. इंजिनाच्या बाजूने सांगतो कारण गाड्या शेवटी आमच्याकडेच येतात.
चांगलं बायोडिझेल असेल तर इंजिनाला त्रास नाही उलट पंपाला वंगण चांगलं मिळतं, धूर कमी होतो, सल्फर जवळजवळ नसतो. पण जुन्या गाडीत पहिल्यांदा घातलं की टाकीत वर्षानुवर्षं बसलेला सगळा गाळ सुटतो आणि फिल्टर चोक, गाडी घाटात बंद पडते मग माणूस म्हणतो बायोडिझेल खराब, ते खराब नव्हतं टाकी घाण होती, म्हणून सुरवातीला फिल्टर लवकर बदलायचा. जुन्या गाड्यांचे रबरी होज फुगतात, ते बदलून घ्यायचे. शंभर टक्के घातलं तर ॲव्हरेज थोडं कमी पडतं कारण त्यात ताकद डिझेलपेक्षा कमी.
नवीन बीएस सिक्स गाड्यांत मात्र हात लावू नका. धुराच्या नळकांड्यात काजळीचा फिल्टर असतो, तो साफ करायला इंजिन वेळोवेळी जादा इंधन सोडतं, डिझेल उडून जातं पण बायोडिझेल जड, ते भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिझेलच्या सरकारी मानकात सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं, त्याच्या वर गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय भरू नये.
आणि हायवेला स्वस्त 'बायोडिझेल' म्हणून जे पिंपातून विकतात ना ते पुष्कळ वेळा बायोडिझेलच नसतं, कसलंतरी इंडस्ट्रियल ऑइल असतं. तसलं भरून आलेले पंप मी खोललेत. गुजरातेत आणि आपल्याकडे धाडी पडल्यात त्यावर. त्याने खऱ्या मालाचं नाव खराब होतं याचा मला फार त्रास होतो.

तांडेल७
कुर्ला भाऊ, बोटीला कसं राहील? डिझेल आमचा सगळ्यात मोठा खर्च.

रसायनी
दादा, बोटीला एक मोठा फायदा आहे, बायोडिझेल पाण्यात सांडलं तर काही आठवड्यांत बरंचसं कुजून जातं, बंदरातला तवंग तसाच राहत नाही. शिवाय पेट घ्यायला डिझेलपेक्षा बरंच जास्त तापमान लागतं म्हणून केबिनमध्ये ठेवायला सुरक्षित.
अडचण दोन. ते हवेतलं पाणी डिझेलपेक्षा कितीतरी जास्त ओढून घेतं, आणि समुद्रावर, मुंबईच्या दमट हवेत तर बघायलाच नको. टाकीच्या तळाला पाणी साचलं की पाणी आणि इंधनाच्या मधे बुरशी-जंतू वाढतात, शेवाळी चिखल होतो. दुसरं म्हणजे ते जुनं झालं की हवेने खवट होतं, आंबट होतं, डिंकासारखं होतं. जून-जुलैची मासेमारी बंदी आली की तुमच्या बोटी टाकी भरून उभ्या राहतात, तेही ऐन पावसात. तेव्हा टाकीत जास्त प्रमाणात बायोडिझेल असता कामा नये. हंगामात, रोज टाकी रिकामी होत असताना, वॉटर सेपरेटर लावून, थोडं मिश्रण करून, आणि दर्जाचा कागद असलेल्या ठिकाणाहून घेतलेलं असेल तर हरकत नाही. शंभर टक्के बायोडिझेलच्या मानकाचा नंबर आयएस १५६०७, तो विचारा.

नवी_मुंबई_अमोल
थंडीत गोठतं म्हणतात ते?

रसायनी
गोठतं, कशापासून केलंय त्यावर. आपल्याकडे वडे-भजी बहुतेक पामोलिनमध्ये तळतात, त्यामुळे मुंबईच्या जुन्या तेलाचं बायोडिझेल पामच्या अंगाने जातं, तेरा-चौदा अंशांना गढूळ व्हायला लागतं. मुंबईत तेवढी थंडी क्वचित. पण तेच भरून टेम्पो जानेवारीत नाशिक-निफाडला गेला आणि रात्रभर उभा राहिला तर सकाळी फिल्टरमध्ये मेण. सूर्यफूल-सोयाबीनचं एस्टर थंडीत पातळ राहतं पण खवट लवकर होतं. चरबीचं पामसारखंच गोठतं. तारलीच्या तेलाचं तर फारच लवकर बिघडतं. एकाच तेलात सगळे गुण नाहीत, म्हणून कारखान्यात मिसळून करतात.

मालाडचा_शेखर
मिथेनॉलबद्दल कोणी जोरात बोललं नाही अजून म्हणून लिहितोय. मी मालवणीला राहतो. २०१५ च्या जूनमध्ये आमच्या इथे विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ते मिथेनॉलच होतं. आमच्या गल्लीतली घरं उघडी पडली, काही जण वाचले पण डोळे गेले. घोटभर पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, त्याहून थोड्या जास्तीने जीव जातो. वासाला-चवीला दारूसारखंच. ताई, हात जोडून सांगतो, ज्या गाळ्यात खाण्याचे पदार्थ बनतात तिथे याचा ड्रम कधीही आणू देऊ नका. चुकून कोणी कामगाराने...

रसायनी
शेखर, धन्यवाद, हे मी लिहिणारच होते पण तुमच्याकडून आलेलं जास्त पोचेल.
ताई, मुलाला स्पष्ट सांगा. मिथेनॉल महाराष्ट्रात विषांच्या नियमांखाली येतं, साठवायला परवाना लागतो. त्याची वाफ पेट घेते आणि ज्योत उजेडात दिसत नाही, म्हणजे आग लागलीय हे कळायच्या आत भाजतं. वाफ नाकातून आणि द्रव कातडीतून शरीरात जातो. मिथेनॉलमध्ये कॉस्टिक टाकलं की द्रावण आपोआप तापतं, डोळ्यात गेलं तर काही बघायलाच नको. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन सोडतं, आणि आपल्याकडची पातेली निम्मी ॲल्युमिनियमची. धुतलेलं पाणी गटारात सोडता येत नाही, त्यात साबण, कॉस्टिक, मिथेनॉल सगळं असतं. ग्लिसरीन पण मिथेनॉलमिश्रित, ते तसंच साबणाला वापरलं तर हाताला लागेल. हे काम बंद रिॲक्टर, कंडेन्सर, एक्झॉस्ट, अग्निशमन असलेल्या जागेचं आहे, एमआयडीसीतलं. चाळीखालच्या गाळ्यातलं नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये शिक्षकांसमोर दोनशे मिलीवर करू दे, हुशार आहे मुलगा, आवड मरायला नको.

लालबागकरीण
वाचून अंगावर काटा आला. गाळ्यात काहीही होणार नाही, त्याला सांगितलं आणि त्यालाही पटलं. लॅबमध्ये सरांना विचारणार आहे. शेखरदादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

नवी_मुंबई_अमोल
मिथेनॉल-कॉस्टिकशिवाय दुसऱ्या पद्धती नाहीत का?

रसायनी
आहेत. लायपेज नावाचं एन्झाइम वापरतात, ते कमी तापमानात काम करतं आणि एफएफए असला तरी साबण होत नाही, म्हणजे आपल्या कढईच्या तेलाला खरं तर योग्य, पण महाग आणि हळू, आणि जास्त मिथेनॉलने ते स्वतःच मरतं. चुन्यासारखे घन कॅटॅलिस्ट आहेत, गाळून परत वापरता येतात, धुवायचं पाणी वाचतं. कॅटॅलिस्टच नको म्हटलं तर मिथेनॉल २४० अंशांच्या वर प्रचंड दाबाखाली न्यायचं, काही मिनिटांत होतं, फक्त त्या दाबाचं भांडं परवडायला हवं.
आणि एक पूर्ण वेगळा मार्ग, रिफायनरीत तेलावर हायड्रोजन सोडायचा. मग एस्टर होत नाही, सरळ डिझेलसारखं हायड्रोकार्बन मिळतं. त्याला रिन्युएबल डिझेल म्हणतात, ते पाणी ओढत नाही, लवकर खवट होत नाही. त्याच वाटेने विमानाचं इंधन पण करतात.

हिशोबी
आणि इथेच पुढची ओढाताण आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये डेहराडून ते दिल्ली विमान मोगली एरंडाच्या तेलापासून केलेल्या इंधनाच्या मिश्रणावर उडवलं होतं. आता आंतरराष्ट्रीय उड्डाणांत असं इंधन २०२७ पासून १ टक्का, २०३० ला ५ टक्के मिसळायचं असं सरकारने ठरवलंय. विमानाला बॅटरी परवडत नाही, म्हणून विमानवाले जुन्या तेलाला चढा भाव देतील. शिवाय युरोपला पण आपलं जुनं तेल हवंय. म्हणजे लालबागच्या डब्यावर टेम्पो, बोट आणि विमान तिघांची नजर. बेस्टच्या बसगाड्या तर विजेवर चालल्यात, शहरातल्या गाड्यांसाठी याची गरज कमीच होत जाईल. माझ्या मते जुनं तेल तिथे जावं जिथे वीज पोचत नाही, बोटी, लांब पल्ल्याचे ट्रक, विमानं.

तांडेल७
बोटीचं नाव पहिलं घेतलंत, बरं वाटलं.

परळची_मेधा
मी फूड सेफ्टीच्या ट्रेनिंगचं काम करते, ताईंच्या मूळ प्रश्नावर येते. १ जुलै २०१८ पासून नियम आहे की तेलातले टीपीसी, म्हणजे तळून तळून तयार होणारे पोलर घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल स्वयंपाकात वापरायचं नाही. त्याच वर्षी एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने, रुको नावाचा उपक्रम सुरू केला, असं तेल गोळा करून बायोडिझेलला द्यायचं म्हणून. रोज ५० लिटरच्या वर तेल तळणीला वापरणाऱ्यांनी नोंदवही ठेवायची आणि नोंदणी असलेल्या संकलकालाच द्यायचं. पन्नासच्या खाली असाल तरी ठेवा, तुमचंच संरक्षण आहे. मशीन महाग आहे, पण पट्ट्या मिळतात, तेवढ्याने अंदाज येतो. फेस टिकायला लागला, तेल दाट झालं, नेहमीपेक्षा लवकर धूर आला की पट्टी लावायची वाट पण बघू नका.
ताई, तुम्ही पावतीवाल्याला देता ते बरोबरच करता. त्याच्याकडे नोंदणीचा कागद मागा आणि तेल शेवटी कुठल्या प्लांटला गेलं ते पावतीवर लिहून घ्या. दुसऱ्याला एकही डबा नको, चार पैसे जास्त देतो तो कुठूनतरी वसूल करणारच.

लालबागकरीण
मेधाताई, नोंदवही आजपासून सुरू. आता एक शेवटचं, तेल चांगल्या प्रतीचं मिळावं म्हणून दुकानात आम्ही काय करायचं? पावतीवाला कधीकधी म्हणतो, मावशी तेलात पाणी आहे, आणि भाव कापतो.

रसायनी
तळताना चुरा झाऱ्याने सतत काढत राहा, जळका चुरा तेल लवकर मारतो. भट्टी बंद झाल्यावर कढईवर झाकण. जुनं तेल कोमट असतानाच दुपदरी कपड्यातून कोरड्या डब्यात गाळा, आणि डबा धुतला असेल तर उन्हात खडखडीत वाळवून मगच. पाणी बहुतेक वेळा धुतलेल्या डब्यातूनच येतं. पावसाळ्यात झाकण घट्ट, आणि डबा जमिनीवर नाही, फळीवर. फरसाणचं तेल आणि वड्याचं तेल वेगळं ठेवा, फरसाणच्या तेलात पाणी आणि एफएफए कमी असतो, त्याचा भाव वेगळा मागा, मिळतो. आणि पाणी आहे म्हणाला तर त्याच्यासमोर एक चमचा तेल तापवून दाखवा, पाणी असेल तर तडतडेल. नाही तडतडलं तर भाव कापू देऊ नका.

लालबागकरीण
हे उद्या सकाळीच करते. वड्याच्या डब्याला लाल पट्टी आणि फरसाणच्या डब्याला पिवळी लावायला मुलाला सांगितलंय. तो आणि मी दोघं तुमच्या सगळ्यांचे आभारी आहोत. लॅबमध्ये सरांनी परवानगी दिली तर तो इथेच येऊन लिहील, हळदीने किती मिली लागले ते.

रसायनी
नक्की लिहू दे. आणि बायोडिझेल तयार झालं की एक टेस्ट करायला सांगा, तीन मिली बायोडिझेल सत्तावीस मिली मिथेनॉलमध्ये, बावीस अंशांच्या आसपास. पूर्ण विरघळलं तर रिॲक्शन झाली, तळाला तेलाचा थेंब बसला तर राहिली. मुंबईत खोलीत बावीस मिळत नाही, थंड पाण्यात बाटली ठेवून करावं लागेल.